पिस्त्याखालचा लाल

९ नोव्हेंबर, सोमवार

"साहेबांचं गिटार का?" दुरुस्तीवाल्याने विचारलं. मी अजून उंबऱ्यातच होते. केस माझ्या हातात, जिने मी चढलेले, धाप मला लागलेली — आणि गिटार साहेबांचं!

म्हटलं, "साहेबांना शिट्टीसुद्धा सुरात वाजवता येत नाही. गिटार माझं आहे. आणि गिटार नाही, बेस आहे."

"ते दिसतंय, मॅडम," म्हणाला. पोरगेलासा नाही, चांगला पन्नाशीचा आहे. चष्मा कपाळावर. खोलीभर उघडी पोटं टांगलेली — गिटारांची, व्हायोलिनांची. सरसाचा वास. मी केस उघडली आणि त्याचा चष्मा आपोआप डोळ्यांवर आला.

"हा रंग कोणी दिला?"

"नवऱ्याने."

"कशाने?"

"ब्रशने. घराच्या खिडक्यांना दिला तोच. पिस्ता."

मयताला गेल्यावर लोक करतात तसा चेहरा केला त्याने. मग वरची प्लेट उघडून बघितली. तिच्याखालीही पिस्ता. "साहेबांनी प्लेट काढून रंग दिलाय. नीट केलंय काम." नीटच करतात ते कामं. विचारून करत नाहीत, एवढंच.

त्याचं म्हणणं असं: त्या काळात लोक जुन्या रंगावर सरळ ऑइलपेंट फासायचे. तो वर बसतो, खालच्या लॅकरला, म्हणजे मूळ रंगाच्या चकचकीत थराला, सहसा धक्का लागत नाही. गरम हवेने सैल करून बोथट पट्टीने काढत गेलं तर मूळ रंग जसाच्या तसा मिळतो. मिळाला तर! नाही तर लॅकरही सोबत सोलून येतं. "आणि एकदा सुरुवात केली की वरचा रंग गेलाच, मॅडम. मग तो हवा होता म्हणालात तर मी आणू शकणार नाही. घरी विचारून या."

"घरी कोणाला विचारू? घर मीच आहे."

तरी म्हणाला, विचारून या. बेस परत घेऊन आले. पुन्हा तेच जिने.

१० नोव्हेंबर, मंगळवार

घरी विचारलं नाही, सांगितलं. नाश्त्याला. पुढच्या महिन्यात शाळेचा जुना हॉल पाडणार आहेत, त्याआधी माजी विद्यार्थिनींचा शेवटचा कार्यक्रम आहे, आमचा बँड तीन गाणी वाजवणार आहे, हे सगळं ह्यांना माहीतच आहे. गेला महिनाभर माझी बोटं सोलवटलेली बघतायत. म्हटलं, कार्यक्रमाच्या आधी मी बेस मूळ लाल रंगात आणणार आहे.

"नको," म्हणाले.

आणि पेपरचं पान उलटलं.

लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला सरळ "नको" म्हटलेलं मला आठवत नाही. "बघू", "तुला योग्य वाटेल ते", "आत्ता लगेच कशाला" — हा त्यांचा शब्दकोश. आणि आज "नको". तेही पेपरामागून.

"का नको?"

"वास येईल."

"दुरुस्तीवाल्याच्या खोलीत येईल. तुमच्या नाकाचा संबंध काय?"

पुढचं पान उलटलं.

११ नोव्हेंबर, बुधवार

डोकं शांत झालं नाही, म्हणून लिहितेय.

तो बेस मी पहिल्या नोकरीच्या पगारांतून घेतला. बंदरावरच्या हॉटेलातला एक वादक देश सोडून निघाला होता, त्याच्याकडून. गडद लाल. उजेडात तिरका धरला की रंगाच्या आत लाकडाच्या रेषा दिसायच्या. बँड म्हणजे आम्ही चार पोरी, एकाच शाळेच्या, एकीच्याही घरी हे पसंत नाही. शाळेत संगीत शिकवणाऱ्या ननने, म्युझिक सिस्टरने मात्र हॉलची किल्ली दिली. शिस्तीची एवढी कडक बाई, पण किल्ली दिली आणि म्हणाली, आवाज करायचाच आहे तर सुरात करा.

मग लग्न, मग टेलिफोन एक्सचेंजमधली नोकरी. मग मी बाळंतपणाला हॉस्पिटलात. इकडे ह्यांनी स्वतःच्या हाताने पाळणा केला. ऑफिसातून उरलेला रंग आणला, पाळणा रंगवला. रंग उरला. खिडक्या रंगवल्या. रंग उरला. चपलांचं स्टँड. रंग उरला! मी लेकीला घेऊन घरी आले तर समोरच्या भिंतीवर माझा बेस, पिस्ता, वाळत टांगलेला. "सगळं मॅचिंग झालं," म्हणाले. ड्रॉइंग ऑफिसातला माणूस. मॅचिंग म्हणजे त्यांना मोक्ष.

खिडक्या पुढे पांढऱ्या झाल्या. स्टँड मोडलं. पाळणा कोणाकोणाला देता देता कुठे गेला देव जाणे. राहिला एकटा माझा बेस. तोच ह्यांना जाऊ द्यायचा नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आजची कारणं: एक, दुरुस्तीवाला अनोळखी आहे. दोन, जुनं लाकूड गरम करू नये. तीन, "आता ह्या वयात कशाला?"

तिसऱ्या कारणानंतर मी त्यांना भाजी चिरायला बसवलं आणि ह्या वयात माणसाने काय काय करू नये त्याची यादी ऐकवली. डास मारायच्या बॅटने क्रिकेट खेळण्यापासून सुरुवात केली.

पण एक सांगते. उभं आयुष्य टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलंय. चेहरा न बघता, नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायची सवय आहे. हा माणूस खोटं बोलतोय. एकही कारण खरं नाही. खरं कारण घशात अडकलंय आणि त्याच्या आजूबाजूने हे दुसरीच कारणं बाहेर काढतायत.

काय असेल? मी स्टेजवर जाणार हे खुपतंय? इतकी वर्षं खुपलं नाही. मी घरात वाजवायचे तेव्हा हे शेजारच्या खोलीत बसून ऐकायचे. बेताल मान हलवत.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

टिपरीचा फोन. आमची ड्रमर. शाळेत बाकावर पट्ट्या बडवून बडवून तिला हे नाव पडलं, आता आजी झाली तरी तेच. तिला सगळं सांगितलं.

"खरवड गं," म्हणाली. "त्या रंगात स्टेजवर गेलीस तर लोकांना वाटेल आइस्क्रीम वाटणार आहेत."

"हे नको म्हणतायत."

"तुझा नवरा? त्याला नको म्हणता येतं?"

हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही. मध्ये ती सहज म्हणून गेली — आपण चौघींतल्या तिघी उरलो, आपल्यातलं मूळचं असं फक्त तुझा बेस राहिलाय. तिचे ड्रम केव्हाच मोडीत गेले. गाणारीचा आवाज गेला. लीड गिटारवाली तर स्वतःच गेली. एका वस्तूत आम्ही आहोत तशा शिल्लक आहोत, आणि ती वस्तू पिस्त्याखाली आहे.

१५ नोव्हेंबर, रविवार

लेक आली होती. एकटी. मुलांना आणलं नाही, तेव्हाच ओळखलं, बोलावणं गेलंय.

"आई, बाबांचा रंग तू काढणार आहेस म्हणे."

बाबांचा रंग! बेस माझा, त्याच्यावरचा रंग बाबांचा. उद्या म्हणतील घर आईचं, भिंती बाबांच्या.

"मी जन्मले म्हणून त्यांनी तो रंगवला," ती म्हणाली.

"तू जन्मलीस म्हणून पाळणा रंगवला. बेस रंगवला कारण डब्यात रंग उरला होता."

"तुला प्रत्येक गोष्ट अशीच दिसते."

"जशी आहे तशी दिसते."

मग तिने आवाज खाली घेतला. म्हणाली, "मी लहान असताना तू वाजवायचीस आणि मी मागून गाल टेकवून बसायचे. थरथर गालाला लागायची. दातांत गुणगुण व्हायची. ते लाल नव्हतं, आई. ते हेच होतं. तुझं मूळ तुझ्याकडे असेल, माझं मूळ पिस्ताच आहे."

हे शेजारीच बसले होते. मला वाटलं, आता तरी म्हणतील, हो, म्हणूनच मी नको म्हणत होतो. आयतं कारण लेकीने ताटात वाढून दिलं होतं! तर म्हणाले, "अगं, आईला असं बोलू नकोस." आणि उठून गॅलरीत गेले.

जाताना लेक दारात म्हणाली, "तू ते खरवडलंस तर मी त्या कार्यक्रमाला येणार नाही. आणि मुलांनाही पाठवणार नाही."

"बरं," म्हटलं मी.

काय बोलायचं होतं आणि काय बोलले.

१६ नोव्हेंबर, सोमवार

तिचा फोन नाही. मीही केला नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार

सरावाला बसायचं म्हणून खोलीत गेले तर केस जागेवर नाही.

कपाटात नाही, पलंगाखाली नाही. हे आरामात शब्दकोडं सोडवतायत. "बेस कुठे आहे?" "असेल की." "कुठे असेल?" शेवटी बोट वर केलं. माळ्यावर! ज्या माणसाला गुडघ्यामुळे दोन पायऱ्या चढताना भिंत लागते, तो शिडी लावून माळ्यावर चढला. तळपायाची आग मस्तकात गेली. हे पडले असते तर? त्या बेसपायी हाड मोडलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं मी लेकीला?

"कशाला ठेवलंत वर?"

"सुरक्षित राहावं म्हणून."

"कोणापासून? माझ्यापासून?"

अगदी हळू म्हणाले, "मी तुला नवीन घेऊन देतो. लाल. तुला हवा तसला लाल. दुकानात बघूनही आलोय. छान आहेत."

इतका राग मला त्या दिवशी, भिंतीवर पिस्ता बघितल्यावरही आला नसेल. म्हटलं, "माझ्या आईचा फोटो फाटला तर दुसऱ्या कोणाच्या आईचा लावाल का भिंतीवर?"

शिडीवर मीच चढले. केस मीच उतरवली. ते खाली शिडी धरून उभे होते, दोन्ही हातांनी, घट्ट.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

दुरुस्तीवाल्याचा फोन. मी घाई करत नाही, पण काम धरायचं तर ह्या चार दिवसांत आणा, म्हणाला. मग जरा अडखळला. "मॅडम, साहेब येऊन गेले ना, त्यांना मी सगळं समजावलंय."

"साहेब? कधी?"

परवा. मी टिपरीकडे सरावाला गेले होते तेव्हा. माझा माणूस ते तीन जिने चढून गेला आणि विचारलं काय, तर पिस्त्यावरूनच लाल रंग देता येईल का. जुन्यासारखा. हुबेहूब. दुरुस्तीवाला म्हणाला, अहो साहेब, खरा खाली असताना वरून खोटा कशाला? त्यावर हे स्टुलावर बसून राहिले बराच वेळ. पाणी मागितलं, प्यायले, गेले.

मला काही कळेना. म्हणजे लाल चालतो. पिस्ता झाकला गेला तरी चालतो! मग लेकीच्या गालाचा आणि ह्यांच्या "नको"चा काही संबंधच नाही. फक्त माझा लाल, मी घेतलेला, मी वाजवलेला, तो वर यायला नको. का? त्यात मी ह्यांची होण्याआधीची आहे म्हणून?

इतकी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपले तो असा कोता निघावा?

२१ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस धरून ठेवलं होतं, आज जेवताना सुटलं. "दुरुस्तीवाल्याकडे गेला होतात."

घास हातात राहिला.

"तुम्हाला लाल चालतो. माझा लाल चालत नाही. असंच ना?"

"अगं, तसं नाही."

"मग कसं?"

उठले आणि स्वयंपाकघरातला नळ बंद करून आले. नळ बंदच होता.

"मग कसं? सांगा ना. तोंड आहे ना तुम्हाला?"

परत येऊन बसले. ताटाकडे बघत म्हणाले, "तू म्हणशील तसं कर."

हे ऐकायला मी बारा दिवस भांडत होते. ऐकल्यावर जेवण गेलं नाही. तो "तुला योग्य वाटेल ते"वाला आवाज नव्हता. एक्सचेंजमध्ये असले आवाज ऐकलेत मी. तिकडून वाईट बातमी येणार हे माहीत असलेला माणूस "जोडा" म्हणतो, तेव्हा असा येतो.

२२ नोव्हेंबर, रविवार

लेकीला फोन केला. म्हटलं, उद्या देतेय बेस. तुला आधी कळावं म्हणून सांगितलं, चोरून करायचं नाही मला.

ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "बाबांचं काय झालंय? काल फोनवर नीट बोलेनात. आई, त्यांना एवढा त्रास होतोय तर तुला तो लाल बघवेल का गं?"

"मला पिस्ता बघवला इतकी वर्षं."

"हो. पण तो त्यांनी आनंदाने दिला होता."

फोन ठेवून बेस मांडीवर घेतला. वाजवला नाही. कडेला एका जागी ब्रशचा केस रंगात चिकटलेला आहे, तो नखाने चाचपत बसले. आजवर हजारदा उपटावासा वाटला, कधी उपटला नाही. मी हे का करतेय ते मला पक्कं माहीत आहे. मला तो लाल ह्यांना चिडवायला नको, लेकीला हरवायला नको. त्या हॉलमध्ये, जिथे मी कोणाची कोणी नव्हते, फक्त बेसवाली होते, तिथे एकदा तसं उभं राहायचंय. हॉल पाडल्यावर ते कुठे करू?

तरी लेकीची खुर्ची रिकामी दिसते मला. पहिल्या रांगेतली.

उद्या नेणार. ठरलं.

२३ नोव्हेंबर, सोमवार

दिला.

हे सोबत आले. नको म्हटलं तर ऐकलं नाही. केसही त्यांनीच उचलली. प्रत्येक जिन्यावर थांबत होते. मी हात पुढे केला तर केस दुसऱ्या हातात घ्यायचे.

दुरुस्तीवाल्याने टेबलावर फडकं अंथरून बेस निजवला. म्हणाला, आज तारा काढतो. उद्या सकाळी मान सोडवून घेतो — म्हणजे बेसचा लांब दांडा. चार स्क्रूंवर बसलेला असतो. "दांड्याखालच्या खोबणीत मूळ रंग सापडतोच, मॅडम. तो बघू, मग गरम हवा लावू. फार बारीक काम आहे. पण खाली असेल तर आणीन वर."

"उद्या किती वाजता?" ह्यांनी विचारलं.

"दहाला उघडतो."

ह्यांनी मान हलवली. बेसवर हात ठेवला, पिस्त्यावर, सबंध पंजा. परक्याच्या घरच्या आजारी माणसाला लावावा तसा. मग काढून घेतला.

टॅक्सीत अर्ध्या वाटेवर म्हणाले, "नक्की लालच हवं?"

"हो."

"बरं."

घरी आल्यावर भिंतीवरचा रिकामा खिळा बघत बसले, तेव्हा बेस वाळत टांगला होता तोच. मीही बघितला. भांडायला काही उरलं नाही तर घर इतकं मोठं वाटतं!

२४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी चहा गाळता गाळता, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "खाली लाल नाहीये."

रंग देण्याआधी ह्यांनी तो घासून काढला होता. पॉलिश पेपरने. आधी जाडा, मग बारीक, पार लाकूड लागेपर्यंत. जुन्यावर नवा रंग धरत नाही म्हणून. काम अगदी स्वच्छ झालं होतं, असंही म्हणाले.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. तू लेकीला घेऊन दारात आलीस. भिंतीकडे बघितलंस. रडकुंडीलाच आली होतीस. मग म्हणालीस, 'जाऊ दे, खाली लाल तर आहे.' त्यानंतर कसं सांगू?"

दहाला दहा मिनिटं होती. फोन लावला. दुरुस्तीवाला नुकताच कुलूप काढत होता.

"खोबणीत असेल थोडा," हे मागून म्हणाले. "तिथे माझा हात पोचला नव्हता."

मी फोनवर सांगितलं, मान सोडवू नका, खाली लाल असेल तर असू दे. तारा तेवढ्या नव्या लावा.